शंभराव्या सणाचा दोर

“उजवा गुडघा आधी, लाजरस! उजवा! डावा कशाला टेकतोस?”

अंतोन मास्तरांचा आवाज मला फाटकाबाहेरूनच ऐकू आला. मी नुकतीच एसटीतून उतरले होते. नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या आरणखेडच्या चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून आठवड्याची रजा काढून आले होते. घरी जाण्याआधी चर्चमध्ये डोकावावं म्हणून आत शिरले, तर पटांगणात माझा बाप उघड्या अंगानं, डोक्याला मळकं मुंडासं बांधून उभा. समोर एक रिकामी खुर्ची, खुर्चीवर पांढरा झगा घडी करून ठेवलेला. तो झगा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे गोरे फादर. माझ्या बापानं त्या झग्यापुढं गुडघे टेकायचे होते.

आबांनी साठी ओलांडली होती. गुडघे दोन्ही गेलेले. हात टेकत, कण्हत ते खाली बसले, तशी कंपाउंडवर बसलेली पोरं खिदळली.

“आता बोल,” मास्तर म्हणाले.

“फादर, माझ्या हातून पाप घडलं. माझ्या कुजक्या दोरानं माझ्या भावाचा जीव घेतला. मला क्षमा करा.”

“‘लोभी मनानं’ राहिलं. पुन्हा म्हण.”

“फादर, माझ्या लोभी मनानं...”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बॅग तिथंच टाकली आणि सरळ मध्ये जाऊन उभी राहिले.

“आबा, उठा.”

“अगं, आलीस?” आबा खालूनच म्हणाले. “जेवलीस का?”

“उठा आधी. मास्तर, हे काय चाललंय?”

अंतोन मास्तर मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले. अंगात कायम कडक इस्त्रीचा सदरा आणि बोलण्यात कायम वर्ग भरलेला. शताब्दी समितीचे अध्यक्ष तेच, नाटक लिहिणारेही तेच. आबा आणि ते एकाच वयाचे, तिसरीपर्यंत एकाच शाळेत होते. तरी आबा त्यांना ‘मास्तर, तुमी’ म्हणायचे आणि मास्तर आबांना ‘अरे लाजरस’. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते आणि तोवर मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

“नाटक आहे, फिलोमिना,” मास्तर म्हणाले. “आपल्या धर्मग्रामाचा, आपल्या चर्चचा इतिहास. विहीर खोदताना दोर तुटला आणि माझा आजा शिमोन आत पडून गेला. तो दोर तुझ्या पणज्यानं वळलेला होता. दोन पैसे वाचवायला त्यानं जुना वाख घातला. गोऱ्या फादरांनी त्याला प्रायश्चित्त दिलं, की दरवर्षी सणाला घंटेचा दोर तुझ्या घरानं द्यायचा आणि घंटेला हात लावायचा नाही. तुला माहीत नव्हतं?”

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे दोराचं माहीत होतं. नोव्हेंबरात संत अंद्रियाचा सण यायचा, त्याआधी महिनाभर आमच्या अंगणात घायपाताच्या तंतूंचा वाख पसरलेला असायचा. आबा पेड वळायचे, तीन पेडी दोर तयार व्हायचा आणि सणाच्या सकाळी तो खांद्यावर टाकून ते चर्चच्या मागच्या दाराशी नेऊन द्यायचे. जुना दोर त्याच सकाळी उतरवलेला असायचा. नवा दोर घंटेला चढला की सण सुरू. आमच्या घरी याला ‘मान’ म्हणत. हॉस्टेलमधल्या मुलींना मी फुशारकीनं सांगितलं होतं, आमच्या गावची घंटा आमच्या दोरावर वाजते म्हणून. आणि ती शिक्षा होती! शंभर वर्षं आमचं घर शिक्षा भोगत होतं आणि मी तिला मान समजून मिरवत होते.

“यात माझा आजा मेलाय,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “हे विसरू नकोस.”

मी आबांचा दंड धरून त्यांना उठवलं आणि तशीच फादर बेनेडिक्टकडे गेले.

फादर बेनेडिक्ट वसईकडचे, तरुण, गिटार वाजवणारे. माणूस वाईट नव्हता. मी तडातडा बोलत असताना त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“फिलोमिना, हा क्षमेचा प्रसंग आहे,” ते म्हणाले. “तुझे वडील गुडघे टेकतील, मग बिशपसाहेब स्वतः स्टेजवर येऊन त्यांना उठवतील, मिठी मारतील. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.”

“मग मास्तरांना टेकू द्या. त्यांनाही मिठी मिळेल.”

“त्यांच्या घरातला माणूस गेलाय ना...”

“फादर, आम्ही मांगवाड्यातले आणि मास्तर महारवाड्यातले, म्हणून तर हे चाललेलं नाही ना?”

फादर एकदम अवघडले. “चर्चमध्ये असलं काही नाही,” ते म्हणाले. “ख्रिस्तात सगळे एक आहेत.”

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. ज्यांना सोयीचं असतं ते हे वाक्य अगदी मनापासून म्हणतात.

घरी आले तेव्हा आबा अंगणात वाखाचा पेड पायाच्या अंगठ्यात धरून वळत बसले होते. शंभराव्या सणाचा दोर. नेहमीपेक्षा जाड आणि इतका गुळगुळीत, की हात फिरवावासा वाटावा. मी बॅग आपटली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“की हा मान नाही. शिक्षा आहे.”

“माहीत व्हतं की,” आबा म्हणाले. हात थांबले नाहीत. “माझ्या आज्ज्यानंच सांगितलं. तुला काय सांगायचं, पोरीच्या जातीला? उगं डोक्याला ताप.”

“म्हणजे तुमच्या आजोबांनी खरंच कुजका दोर दिला होता?”

आता आबांचे हात थांबले. त्यांनी पेड खाली ठेवला.

“कोण म्हणतं?” ते म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं. दोन्ही वाड्यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला होता. गोरे फादर घोड्यावरून आले, चिंचेखाली सगळ्यांच्या डोक्यावर पाणी घातलं आणि त्याच संध्याकाळी गावानं सगळ्यांचंच पाणी बंद केलं. म्हणून मिशननं खडकाळ माळ विकत घेतला आणि दोन्ही वाडे मिळून विहीर खोदायला लागले. सुरुंग लावायचे, माणसं दोरावर खाली सोडायची, दगड वर ओढायचे. दोर आबांच्या आजोबांचा. त्यांचं नाव बाप्तिस्म्यात दावीद ठेवलं होतं, पण हाक सगळे धोंडिबाच मारायचे.

“कोरडी विहीर व्हती तवर समदे एक व्हते,” आबा म्हणाले. “ज्या दिशी पाणी लागलं, त्या दिशी महारवाड्यानं गूळ वाटला. आज्ज्याला बी दिला, पर लांबनं. म्हणले, धोंडिबा, आता पाणी लागलंय. आता तुमच्या वाड्यानं विहिरीवर यायचं न्हाई. हितं दगडाची डोणी ठिवतो, तिच्यात वरनं पाणी वततो, तिथनं न्या.”

“गोरे फादर?”

“त्ये नगरला गेल्याले. आन् असते तरी? त्येंना मराठी समजून सांगणारा तवाचा मास्तर बी त्येंच्यातलाच.”

खोदकाम थांबलं नव्हतं. दोर रोज पाण्यात भिजायचा, रोज उन्हात वाळायचा. असा दोर आतून जातो आणि वरून धड दिसतो. आबांचा आज्जा दोर बघायला म्हणून गेला, तर त्याला डोणीच्या पुढं येऊ दिलं नाही. त्यानं नवा दोर वळून नेला, तर तोही घेतला नाही. पाण्यात जाणारा दोर, त्याला मांगाचा हात कसा चालेल?

“पण जुना दोरही त्यांनीच वळलेला होता ना?” मी म्हणाले.

“त्येला गोमूत्र लावून घेतलं व्हतं,” आबा म्हणाले. “बाप्तिस्मा झाल्याली मान्सं, गळ्यात क्रूस, आन् दोराला गोमूत्र! आज्जा डोणीपाशी हुबा राहून दोन दिस वरडत व्हता, दोर बदला, शिमोनला खाली सोडू नगा. शिमोन त्येचा दोस्त व्हता. तिसऱ्या दिशी दोर तुटला. फादर आल्यावर समद्यांनी आज्ज्याकडं बोट दावलं.”

रडू येत होतं की संताप, ते मला कळत नव्हतं. बहुतेक संतापच असावा, कारण हातात आलेली पितळी मी भिंतीवर फेकून मारली.

“आणि हे ठाऊक असून तुम्ही टेकणार? त्या मास्तरापुढं? बिशपापुढं? सगळ्या गावापुढं?”

आबा उठले, पितळी उचलून आणली, तिचा पोचा अंगठ्यानं चाचपला आणि चुलीपाशी नेऊन ठेवली.

“मास्तर म्हणलेत, टेकलास की प्रायश्चित्त फिटलं. मंग दोर तूच चढवायचा आन् घंटा बी तूच वाजवायची. समद्यांम्होरं.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “फिले, मी पोरगा व्हतो तवापास्नं हा दोर वळतोय. माझ्या बानं वळला. त्येच्या बानं वळला. एकानं बी कधी वढला न्हाई. मला एकदा वढायचाय.”

“खोटं पाप कबूल करून?”

“टेकून उठाया किती येळ लागतो?”

“तुम्ही टेकलात तर मी परत या गावात पाऊल ठेवणार नाही.”

“नगं ठिवू,” आबा म्हणाले आणि पुन्हा पेड वळायला बसले. आमच्या घरात हट्ट कुणाकडून आला, हे शोधायला लांब जायला नको.

सणापर्यंत आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. ते तालमीला जायचे, उजवा गुडघा टेकून यायचे आणि रात्री कसलं तरी तेल चोळत बसायचे. मी तेल गरम करून देत होते आणि देताना वाटी मुद्दाम आपटून ठेवत होते.

सणाच्या दिवशी चर्चपुढं मांडव, पताका, लाउडस्पीकर. आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आलेली. बिशपसाहेबांना बँड लावून आणलं, पवित्र मिस्सा झाली आणि मग नाटक. मी बायकांच्या बाजूला, आमच्या वाड्यातल्या बायकांत बसले होते. आबा स्टेजच्या कडेला, उघड्या अंगानं, नवा दोर खांद्यावर घेऊन उभे. त्यांचा प्रवेश शेवटचा. आधीचे प्रवेश त्यांनी पाहिले नव्हते. मास्तरांनी प्रत्येकाची तालीम वेगवेगळी घेतली होती.

गोरे फादर म्हणून फादर बेनेडिक्टच उभे होते, कापसाची दाढी लावून. बाप्तिस्म्याचा प्रवेश झाला. गावानं पाणी बंद केल्याचा प्रवेश झाला. मग विहिरीचा. स्टेजवर विटांचा गोल कठडा रचला होता. पाणी लागतं, सगळे नाचतात, एकच तांब्या हातोहात फिरतो, आमच्या वाड्यातला धोंडिबाही त्याच तांब्यातून पाणी पितो. धोंडिबा झाला होता दहावीतला एक मुलगा. तो कठड्यावर पाय देऊन उभा राहिला, आपल्या हातानं दोर बांधला आणि छद्मी हसून प्रेक्षकांना म्हणाला, “वाख जुना आहे, पण कुणाला कळणार?” पोरांनी त्याची हुर्यो उडवली. मग दोर तुटला, शिमोन पडला, ढोल वाजला. माइकवरून मास्तरांचा आवाज आला, “आणि शंभर वर्षांनी...”

आबा स्टेजवर आले.

झगा घालून फादर बेनेडिक्ट खुर्चीवर बसलेले, बिशपसाहेब पहिल्या रांगेतून उठायच्या तयारीत. आबा मधोमध येऊन थांबले आणि त्यांनी खुर्चीकडं पाहिलंच नाही. ते विटांच्या त्या कठड्याकडं बघत होते.

“फादर, माझ्या लोभी मनानं...” मास्तरांनी माइकपासून तोंड बाजूला करून आठवण दिली.

आबांनी मान वळवली नाही.

“लाजरस. उजवा गुडघा.”

आमच्या वाड्यातलीच एक म्हातारी माझ्याशेजारून ओरडली, “टेक की रं, बिशप ताटकळल्यात!”

“मास्तर,” आबा म्हणाले. त्यांना माइक नव्हता, पण दूरच्या बैलाला हाक मारायची सवय असलेला तो आवाज मांडवभर गेला. “ह्यो पोरगा विहिरीवर कसा काय चढला?”

“लाजरस, नाटक चालू आहे.”

“न्हाई, मी पाप केलं म्हणायला तयार व्हतो. म्हणलो असतो. पर माझा आज्जा विहिरीवर नव्हताच. तुमी त्येला येऊ दिलं नव्हतं. त्यो डोणीपाशी हुबा व्हता. आन् तुमी दावताय, एका तांब्यातनं पाणी पेला!”

फादर बेनेडिक्ट खुर्चीतून अर्धवट उठले. दाढीचा कापूस एका बाजूला लोंबायला लागला होता. मास्तर माइक सोडून आबांजवळ गेले, पण माइक चालूच होता आणि त्यांचं हळू बोलणंही सगळ्यांना ऐकू गेलं.

“गुडघे टेक, लाजरस. घंटा वाजवायची आहे ना तुला?”

आबांनी मास्तरांकडं पाहिलं. मग ते म्हणाले, “अंतोन.”

त्यांनी मास्तरांना नावानं हाक मारलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

“अंतोन, तुझ्या घरात काय सांगत्यात? तुझा बा काय सांगत व्हता? दोर बदला म्हणून माझा आज्जा वरडत व्हता का न्हाई? खरं सांग. तू न्हाई म्हण, मी आत्ता टेकतो.”

मास्तरांचं तोंड उघडं पडलं, मिटलं. चेहरा उतरला. मी तो चेहरा नीट पाहिला, अगदी डोळे फाडून पाहिला, कारण त्या एका गोष्टीसाठी मी तिथं बसले होते.

“आज नको, लाजरस,” ते म्हणाले. “आज नको.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांच्याही घरात तीच गोष्ट सांगितली जात होती, त्यांच्या बापानंही त्यांना ती सांगितली होती. आजा कशानं मेला ते मनातल्या मनात पक्कं ठाऊक असून या माणसानं आठ-पंधरा दिवस माझ्या बापाला गुडघे टेकायला शिकवलं. मला वाटलं, उठून स्टेजवर जावं आणि त्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या चिंध्या कराव्या.

आबांनी मात्र फक्त मान हलवली. खांद्यावरचा दोर नीट केला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. उतरताना गुडघ्यानं दगा दिला, क्षणभर ते झुकले आणि सगळ्या मांडवाला वाटलं, टेकले. त्यांनी खांबाला धरलं, सरळ झाले आणि चालायला लागले. बिशपसाहेब काहीतरी बोलायला पुढं आले होते. आबांनी त्यांना हात जोडून “जय ख्रिस्त” केलं आणि पुढं गेले.

आमच्या वाड्यातलं एक माणूस उठलं नाही. एक सुद्धा नाही! त्या सगळ्यांचे पणजे डोणीवरच पाणी भरत होते. मी एकटी उठले आणि आबांच्या मागं निघाले. मागं फादर बेनेडिक्ट माइकवर म्हणत होते, “आता मुलं एक गीत सादर करतील.”

चर्चच्या मनोऱ्यात जुना दोर उतरवलेला होता, नवा आमच्याबरोबर चालला होता. त्या सणाला घंटा वाजली नाही.

ओढा ओलांडेपर्यंत आबा चालत राहिले. मग एका दगडावर बसले आणि रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. “वढायची राह्यली गं,” म्हणाले. “एकदा वढायची व्हती.” मी त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटायला हवा होता, पण वाटत नव्हता. अख्खं गाव पेटवून द्यावं असं वाटत होतं.

पुढच्या वर्षी समितीनं श्रीरामपूरहून नायलॉनचा दोर आणला. आबांनी पुन्हा दोर वळला नाही. मास्तर आणि ते त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. दर रविवारी एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसायचे. काही वर्षांच्या अंतरानं दोघंही गेले.

पण सणाच्या त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती, ती मला संध्याकाळी कळली. आम्ही निघून आल्यावर बिशपसाहेबांच्या हस्ते स्मरणिकेचं प्रकाशन झालं. एका सिस्टरनं माझ्यासाठी प्रत पाठवली. मास्तरांनी लिहिलेला धर्मग्रामाचा इतिहास, गुळगुळीत कागदावर, आठवडाभर आधी छापून आलेला. शेवटच्या पानावर होतं: ‘शताब्दीदिनी श्री. लाजरस वैरागर यांनी बिशप महागुरुस्वामींसमोर गुडघे टेकून आपल्या पूर्वजाच्या अपराधाची क्षमा मागितली व स्वहस्ते घंटा वाजवली. उपस्थितांचे डोळे पाणावले.’

मी दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन फादर बेनेडिक्टकडे गेले. ते खजील झाले. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढची आवृत्ती निघालीच नाही. गेल्या वर्षी सव्वाशेवं वर्ष होऊन गेल्यावर नव्यानं पुस्तक निघालं, चांगलं रंगीत. त्यात जुन्या स्मरणिकेतला मजकूर जसाच्या तसा घेतलाय. सणाला मुलं ते वाचून दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात. दोन फादरांना मी पत्रं लिहिली, एकाला समोर जाऊन भांडले. प्रत्येकानं मला हेच सांगितलं, की मावशी, छापलेलं आहे, एवढ्या वर्षांनी कशाला उकरून काढता?

म्हणून मी भेटेल त्याला सांगते, आता तुम्हालाही सांगते. माझा बाप गुडघ्यावर बसला नाही. मी तिथं होते.